मागचा उजवा दरवाजा

१

ममता देवस्थळींनी गाडी शेडच्या तोंडाशी आणून उभी केली, खाली उतरल्या आणि एक शब्द न बोलता मागच्या उजव्या दरवाजाकडे बोट दाखवलं.

अल कुसैसच्या त्या गल्लीत अकराचं ऊन थेट शेडच्या तोंडावर पडतं. त्या उन्हात जुनी काळी गाडी नुकतीच पाण्यातून वर काढल्यासारखी झळकत होती. बॉनेट, छत, बाकीचे तिन्ही दरवाजे, सगळं जिवंत. आणि त्यातला एकच दरवाजा मेलेला. राख फासल्यासारखा भुरकट. जवळ गेलं की त्यावर केसाएवढ्या ओरखड्यांचं जाळं दिसत होतं.

भिकाजी पालशेतकर हातातलं कापड खांद्यावर टाकून बाहेर आला आणि जागीच थांबला. साठीला एक वर्ष कमी, त्यातली सत्तावीस वर्षं दुबईत, आणि सगळी गाड्यांच्या रंगावर हात फिरवण्यात गेलेली. सोळा दिवसांपूर्वी, एका गुरुवारी, या गाडीवर शेवटचा थर त्यानेच चढवला होता.

"काल पहिल्यांदा धुतली," ममताबाई म्हणाल्या. शाळेत बावीस वर्षं गणित शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, गरजही पडत नसे. "शाम्पू तुमच्याकडचाच. पाणी मारलं आणि हे असं वर आलं. माझ्या नवऱ्याची गाडी आहे ही, भिकाजी. ते होते तोवर त्यांनी हिला नख लागू दिलं नाही."

गॅरेजचा मालक अनिल सुर्वे केबिनमधून बाहेर आला. त्याने दरवाजाकडे एकदा बघितलं, फक्त एकदाच, आणि मागे वळून हाक मारली, "मुश्ताक! इकडे ये."

मुश्ताक परकार गाड्या धुवायच्या कामावर होता. मंडणगडचा माणूस, वय एक्कावन्न, बोलायला कमी. हात पुसत तो पुढे आला.

"शनिवारी द्यायच्या वेळी हिची चाकं तूच धुतलीस ना? चाकांचं ॲसिड उडवलंस दरवाजावर?"

"नाही, शेठ. ॲसिडचा डबा मी उघडलासुद्धा नाही. अल्लाची शपथ."

"शपथा ठेव तुझ्याकडे. ॲसिड हळूहळू खातं, मॅडम. आज दिसलं, एवढंच. दरवाजा नवा रंगवून देतो, एक दिरहॅम न घेता. आणि ह्याची आज सुट्टी. चारला रेहान येतोय, व्हिसा कॅन्सल करायचे कागद घेऊन." रेहान म्हणजे गॅरेजची सरकारी कामं बघणारा माणूस. मग अनिल भिकाजीकडे वळला. "भिकू, तू फोरमन. ह्याने ॲसिड वापरलं, अशा दोन ओळी लिहून खाली सही करून दे."

कॅन्सल होऊन, वर असा ठपका घेऊन गावी गेलेल्या माणसाला या वयात कोण पुन्हा बोलावतं? मुश्ताकची मुलगी फिझा रत्नागिरीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. त्याने मालकाकडे नाही, भिकाजीकडे बघितलं.

"चारला वेळ आहे अजून," भिकाजी म्हणाला. "सही चारलाच करीन. जे लिहायचं ते बघून लिहीन."

"बघायचं काय त्यात?"

"दरवाजा," भिकाजी म्हणाला.

२

ममताबाई चारला परत येते सांगून टॅक्सीने गेल्या. अनिल केबिनमध्ये गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

भिकाजीने गाडी सावलीत घेतली आणि दरवाजासमोर पत्र्याचा डबा उलटा टाकून त्यावर बसला. माणसाशी बोलायला बसावं तसा.

मुश्ताक मागे उभा होता. "भिकाजीभाई, तुम्हाला तरी पटतंय ना?"

"मला पटून उपयोग नाही. पाणी आण."

बाटलीतून त्याने आधी पुढच्या दरवाजावर पाणी शिंपडलं. पाणी टपोऱ्या थेंबांनी उभं राहिलं आणि अळवाच्या पानावरून घरंगळावं तसं खाली पळालं. म्हणजे तिथलं सीलंट, रंगावरचा राखणीचा थर, शाबूत. मग मागच्या दरवाजावर शिंपडलं. पाणी पसरलं, चिकटलं, तिथेच बसून राहिलं. सीलंटचा मागमूस नाही.

"खाल्लं ना मग ॲसिडने?" मुश्ताक घाबरून म्हणाला.

"ॲसिडला पाय असतात का रे?"

"म्हणजे?"

"उडलं तर ते खाली ओघळणार. ओघळाच्या रेघा कुठे आहेत? आणि दाराचं हँडल बघ. क्रोमचं आहे. ॲसिडने आधी ते मरतं. ह्यात तर माझे दात दिसतायत, जेवढे उरलेत तेवढे." भिकाजीने बोट दरवाजाच्या कडेने फिरवलं. "खालची पट्टी चकचकीत. शेजारचा दरवाजा चकचकीत. हे दुखणं बरोबर या दाराच्या चार कडांत थांबलंय. मापात कापल्यासारखं. बाहेरून उडलेलं कधी असं मापात बसतं का?"

मुश्ताक पहिल्यांदा जरा सरळ उभा राहिला. "मग आलं कुठून?"

भिकाजीने ओलं बोट पँटला पुसलं. सीलंट त्यानेच लावलं होतं. एका बैठकीत, एकाच बाटलीतलं, एकाच हाताने. सगळ्या गाडीवर धरलं आणि एका दारावर धरलं नाही, तर दोष वरून आलेला नव्हता. तो आधीच खाली बसलेला होता.

आणि आता त्याला आठवलं. त्या गुरुवारी या दारावर हात फिरवताना कापड किंचित जास्त सुळकन गेलं होतं. त्याला वाटलं होतं, हात थकलाय, दिवस मावळतोय. हात सांगत होता आणि त्याने ऐकलं नव्हतं.

गाडीच्या कामाला क्रम असतो, आणि या गॅरेजातल्या प्रत्येकाला तो भिकाजीनेच शिकवलेला होता. आधी पॉलिश. ते ओरखडा घासून काढतं. मग स्पिरिटने पुसून रंग कोरडाठाक करायचा. त्यावर सीलंट. ते रंगाला धरतं आणि महिनोन्महिने टिकतं. ग्लेझ नावाचं आणखी एक असतं, तेलकट. ते ओरखडा काढत नाही, भरून लपवतं. लावायचंच तर सीलंट धरल्यावर, वरून. ग्लेझ खाली राहिलं तर वरचं सीलंट रंगाला धरतच नाही, तेलावर नुसतं तरंगतं. डोळ्याला फरक कळत नाही. पहिला शाम्पू पडला की दोन्ही वाहून जातात आणि खालचं उघडं पडतं.

कुणीतरी या एका दारावर ग्लेझ लावून ठेवलं होतं. आणि ही गाडी पॉलिश करायचं आणि स्पिरिटने पुसायचं काम एकाच माणसाकडे होतं.

"मिथुन कुठाय?" भिकाजीने विचारलं.

३

मिथुन खाडे मागच्या बाजूला मशीनचे पॅड धूत होता. पस्तिशीचा, सांगलीकडचा. आठ वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला पॉलिशची बाटली धरता येत नव्हती. आज त्याच्याइतका हलका हात अल कुसैसमध्ये दुसरा नव्हता. गाडी चालवण्यात मात्र त्याचं नशीब फुटकं. लायसन्सच्या परीक्षेत पाच वेळा नापास झालेला. शेडमधली गाडी वीतभर सरकवायची झाली तरी "मिथुन, तू खांदा लाव, गिअर आम्ही टाकतो" असं सगळे त्याला चिडवत.

"सहाव्यांदा तारीख मिळाली का?" भिकाजीने शेजारी बसत विचारलं.

"मिळाली काका. परीक्षक म्हणाला, ह्या वेळी मी हेल्मेट घालून बसतो."

दोघं हसले. भिकाजीचं हसू आधी थांबलं.

"त्या काळ्या गाडीच्या मागच्या दारावर ग्लेझ का लावलंस?"

मिथुनचा हात पाण्यातच थांबला. नळ चालू होता. त्याने तो बंद केला नाही.

"कंटाळा आला होता, काका," तो म्हणाला. "बाकीची सगळी गाडी घासली. एक दार उरलं. म्हटलं ग्लेझ मारू, कोण बघतंय. माझी चूक झाली. माझं नाव लिहा आणि खलास करा विषय."

भिकाजी त्याच्याकडे बघत राहिला. आठ वर्षांत या पोराने बंपरच्या खालच्या अंगालासुद्धा पॉलिश सोडलं नव्हतं, जिथे कुत्र्याशिवाय कुणाची नजर जात नाही.

"कंटाळा आला म्हणून एकच दार सोडलंस? तेही मागचं उजवं, शेडमध्ये उजेडाकडे असलेलं? कामचुकार माणूस अंधारातलं दार सोडतो रे."

"काका, नका ना विचारू."

"मुश्ताकला घरी पाठवतायत."

"म्हणून तर म्हणतोय माझं नाव लिहा!" मिथुनचा आवाज फुटला. "मला हाकलू देत. मी तरुण आहे, कुठेही चिकटेन."

"आणि बायकोचं काय? पुढच्या महिन्यात येणार ना ती? व्हिसाला मालकाचं पत्र लागतं म्हणाला होतास."

मिथुनने मान खाली घातली. "पत्र दिलंय शेठनी," तो पुटपुटला. "बुधवारी दिलं."

"कुठल्या बुधवारी?"

मिथुन उठला आणि ओले हात तसेच घेऊन आत निघून गेला.

भिकाजी एकटाच बसून राहिला. मिथुन खोटं बोलत होता, पण स्वतःला वाचवायला नाही. आणि ग्लेझने जे झाकलं होतं ते जुने ओरखडे नव्हतेच, असं त्याला आता वाटू लागलं. कारण जुने ओरखडे मिथुनने अर्ध्या तासात काढले असते. मग झाकलं काय?

नळ वाहतच होता. त्याने तो बंद केला, कपाटातून पॉलिशची बाटली आणि दोन कोरी पांढरी कापडं घेतली, आणि गाडीकडे गेला.

४

पहिलं कापड त्याने पुढच्या दरवाजाच्या एका कोपऱ्यावर पॉलिश लावून नेटाने घासलं. उलटून बघितलं. कापड काजळ लागल्यासारखं काळं झालं होतं. तसंच व्हायला हवं. ही गाडी जुनी. तिचा काळा रंग कारखान्यातून तसाच उघडा मारलेला, वर पारदर्शक लॅकर नाही. घासलं की रंगच थोडा कापडाला येतो.

दुसरं कापड त्याने मागच्या दरवाजावर घासलं. दहा वेळा. वीस वेळा. उलटून बघितलं.

कापड पांढरं.

भिकाजी खाली डब्यावर बसला. त्याने पुन्हा घासलं. पुन्हा पांढरं. रंगावर लॅकर होतं. आजकालच्या पेंटरांचा हात तसाच बसलाय. काळा मारला की वरून लॅकर मारायचंच, विचारसुद्धा करायचा नाही. गाडी अठ्ठावीस वर्षांची आहे, तिला लॅकर नव्हतं, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

हे दार नव्याने रंगवलेलं होतं. ते बारीक जाळं म्हणजे घाईत मारलेल्या पॉलिशपेपरचे ओरखडे. आणि ताज्या रंगावर जोराचं मशीन चालत नाही, म्हणून मिथुनने ग्लेझ भरलं.

"काका?"

ममताबाईंची मुलगी रिद्धी उभी होती. पंचविशीची, गळ्यात ऑफिसचं कार्ड. इथेच जन्मली, इथेच वाढली.

"मम्मीने मुल्किया आणायला सांगितलंय." मुल्किया म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड. तिने पुढचं दार उघडून कप्प्यात हात घातला. "शी इज सो अपसेट. पोलीस कंप्लेंट करायचं म्हणतेय."

"बाई बरोबर बोलतायत," भिकाजी म्हणाला. "पण चारपर्यंत थांबा म्हणावं."

"ॲक्च्युअली, मी तिला म्हटलं होतं की ही गाडी इथे दोनदा का आणली. तर ती म्हणते एकदाच."

"दोनदा म्हणजे?"

"म्हणजे, तुमच्याकडे होती त्याच आठवड्यात मी ती बर दुबईत बघितली. मीना बाजारच्या मागे, हॉटेलच्या पार्किंगमधून बाहेर येताना. ट्यूजडे. लंच टाइम. मी ऑफिसच्या लोकांबरोबर होते. आय थॉट मम्मीला गाडी परत मिळाली. ती म्हणाली, तुला भास झाला. बट काका, आय स्वेअर, इट वॉज अवर नंबर प्लेट."

मंगळवार. त्या दिवशी भिकाजी स्वतः गॅरेजात नव्हता.

"चालवत कोण होतं?"

"काचेवर ऊन होतं. दिसलं नाही. व्हाय?"

"चारला तुम्ही पण या, बाळ," भिकाजी म्हणाला. "आईबरोबर या."

ती गेल्यावर त्याने आठवड्याचे दिवस बोटावर मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले. प्रत्येक वेळी बोट एकाच माणसावर येऊन थांबलं, आणि प्रत्येक वेळी त्याने मूठ मिटून घेतली.

५

चारला सगळे शेडसमोर जमले. ममताबाई आणि रिद्धी. कागदांची फाइल घेऊन रेहान. भिंतीला टेकून मिथुन. आपली बॅग भरून पायाशी ठेवलेला मुश्ताक. भिकाजीने त्या बॅगेकडे बघितलं. याने निकाल आधीच मानला होता.

"यल्ला, चल भिकू," अनिलने पेन पुढे केलं. "रेहानला पुढे जायचंय."

"लिहितो. आधी बाईंना एक दाखवतो." भिकाजीने ती दोन कापडं उघडली. "बाई, गाडी द्यायला आलात तो दिवस आठवतो? सोमवार होता. मी एका दारावर पॉलिश घासून दाखवलं आणि तुम्ही ओरडलात."

"आठवतं ना. कापड काळं झालं. मी म्हटलं, अहो रंग निघतोय! तुम्ही म्हणालात, जुन्या गाडीचा रंग असाच येतो, घाबरू नका."

"कुठल्या दारावर घासलं होतं?"

ममताबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. "ह्याच. मी ह्याच बाजूला उभी होते."

"आता बघा." त्याने सगळ्यांसमोर पांढरं कापड त्या दारावर घासलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट केलं. मग शेजारच्या दारावरचं काळं कापड बघितलं. गणिताच्या बाईंना उत्तर सांगावं लागलं नाही.

"हे माझं दार नाही," त्या हळू म्हणाल्या.

"दार तुमचं. रंग तुमचा नाही. सोमवारी होता, गुरुवारी मी सीलंट लावलं तेव्हा नव्हता. मधे दोन दिवस. मंगळवार आणि बुधवार. ॲसिडचा ह्यात काही संबंध नाही."

"काहीतरी बोलू नकोस, भिकू," अनिल म्हणाला. "मुश्ताकनेच ठोकली असेल आणि..."

"मुश्ताक मंगळवार-बुधवार रास अल खैमाला होता. माझ्याबरोबर. त्या बंगल्यावरच्या चार गाड्या करायला तूच आम्हा दोघांना पाठवलंस. रात्री तिथेच झोपलो."

अनिलने पुढे केलेलं पेन मागे घेतलं.

"गाडी बाहेर गेली होती," भिकाजी पुढे म्हणाला. तो आता कुणाकडेच बघत नव्हता, दाराकडे बघत होता. "मंगळवारी दुपारी बर दुबईत रिद्धीने बघितली. ती चालत तर गेली नाही. मग चालवली कुणी? मी नव्हतो. मुश्ताक नव्हता. मिथुनकडे लायसन्स नाही, आणि तो बर दुबईपर्यंत गेला असता तर वाटेत सगळे खांब आडवे झाले असते."

कुणी हसलं नाही.

"सकाळी बाईंनी दार दाखवलं तेव्हा मी वाकून बघितलं. मुश्ताकने वाकून बघितलं. गाडीचं दार असं झालं तर गॅरेजवाला माणूस आधी बोट फिरवून बघतो. एकाच माणसाने बोट लावलं नाही. त्याला बघायचं कारणच नव्हतं. खाली काय आहे ते त्याला माहीत होतं."

"बस कर," अनिल म्हणाला.

"गाडीची चावी तुझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असते, अनिल."

भिंतीकडून हुंदका आला. मिथुन खाली बसला होता. "शेठनी सांगितलं, काका. बुधवारी संध्याकाळी गाडी शारजाहून रंगवून आणली. म्हणाले, भिकूला कळता कामा नये. पेपरचे ओरखडे दिसत होते. म्हणाले, ग्लेझ मार आणि पुसू नकोस. स्पिरिटने पुसलं असतं तर तुम्हाला सगळं दिसलं असतं. आणि मग ते पत्र माझ्या हातात दिलं."

अनिलने एकदा सगळ्यांकडे बघितलं. मग जवळच्या खुर्चीत बसला, गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

"तनिषला बघायला पुण्याहून पाहुणे आले होते," तो म्हणाला. तनिष म्हणजे त्याचा मुलगा. "हॉटेलवरून त्यांना घरी आणायचं होतं. माझ्या खटारा गाडीतून कसं आणणार? म्हटलं, दोन तासांचा प्रश्न आहे. पार्किंगच्या खांबाला दार घासलं."

"माझ्या नवऱ्याच्या गाडीतून," ममताबाई म्हणाल्या.

"मॅडम, मी भरून देतो, जे म्हणाल ते."

"मला काही नको." त्या मुश्ताकच्या बॅगेपाशी गेल्या. "ह्यांचा कागद फाडा. माझ्यासमोर. आणि ह्यांचं काम उद्याही आहे असं लिहून द्या. नाहीतर मी इथून सरळ पोलीस स्टेशनला जाते, आणि पार्किंगचे कॅमेरे काय ते सांगतील."

रेहानने मालकाकडे बघितलं. मालकाने मान हलवली. कागद फाटल्याचा आवाज झाला. मुश्ताकने तोंडावर हात ठेवला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

६

ममताबाईंना गाडी नेताना भिकाजीने बजावलं, "या दारावर महिनाभर काही लावायचं नाही. ताज्या रंगातला वास उडून जाऊ दे. ओरखडे दिसतील, दिसू द्या."

मग तो केबिनमध्ये गेला. अनिल खिडकीकडे तोंड करून उभा होता. एकेकाळी दुबईतल्या सतव्यात दोघं एका खोलीत राहायचे, एकावर एक असलेल्या बाकड्यांवर. खालचं बाकडं भिकाजीचं, कारण अनिलला झोपेत घाम यायचा आणि वर पंखा जवळ होता. अनिलच्या लग्नात भिकाजीने पंगती वाढल्या होत्या.

"मला आधी सांगितलं असतंस तर?" भिकाजीने विचारलं.

"तू बाईंना सांगितलं असतंस."

"हो. सांगितलं असतं."

"मग?"

"मुश्ताकच का पण? माझं नाव का नाही घेतलंस? शेवटचा हात माझा होता."

अनिल वळला. त्याचे डोळे लाल होते. "तुझं नाव कोण मानणार, भिकू? भिकाजीने गाडी बिघडवली म्हटलं असतं तर बाई हसल्या असत्या."

भिकाजीच्या छातीत क्षणभर काहीतरी मऊ झालं. पण अनिल बोलतच होता.

"आणि सही तुझीच लागते ना. तुझी सही खाली असली की कुणी पुढे विचारत नाही. इतकी वर्षं नाही विचारलं कुणी."

केबिनमधला एसी घरघरत होता. भिकाजीला ते शेवटचं वाक्य कळायला थोडा वेळ लागला.

"इतकी वर्षं," तो म्हणाला. "म्हणजे मी ह्याआधी कुठे सही केली?"

अनिल टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

चार वर्षांपूर्वी तय्यब नावाचा मालेगावचा एक पोरगेला माणूस इथे कामाला होता. एका गिऱ्हाइकाच्या गाडीची समोरची काच तडकली. अनिल म्हणाला, तय्यबच्या हातून झालं. तय्यब म्हणाला, मी त्या गाडीजवळ नव्हतो, उस्ताद, तुम्ही तरी माना. भिकाजी त्या दिवशी आजारी होता, खोलीवर पडून होता. संध्याकाळी अनिलने कागद खोलीवर आणला, कपाळावर हात ठेवून ताप बघितला, पेज आणून दिली, आणि भिकाजीने न वाचता सही केली. आठवड्यात तय्यब गेला.

"तय्यबची काच," भिकाजी म्हणाला.

"जुनं झालं ते."

"कुणी फोडली?"

"भिकू, सत्तावीस वर्षं..."

"कुणी फोडली ते विचारतोय."

अनिल पुन्हा खिडकीकडे वळला. तेवढं उत्तर पुरेसं होतं.

भिकाजीने फोरमनच्या चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवला. आपटला नाही, ठेवला. बाहेर मुश्ताक बॅगेतले कपडे परत काढून कपाटात लावत होता, आणि मिथुन त्याला मदत करत होता. दोघंही बोलत नव्हते.

"मुश्ताक, तय्यबचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"मालेगावच्या तय्यबचा? ईदला मेसेज करतो कधी कधी. का हो?"

"लावून दे."

मुश्ताकने नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला. भिकाजी शेडच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. रिंग बराच वेळ वाजत होती. तो ठेवणार, इतक्यात पलीकडून मशीन बंद झाल्याचा आवाज आला. तिकडेही कुणीतरी काम करत होतं.

"कोण?"

"मी भिकाजी. दुबईहून."

तय्यबने फोन ठेवला असता तरी भिकाजीला वाईट वाटलं नसतं.

"बोला," तय्यब शेवटी म्हणाला. उस्ताद म्हणाला नाही.

अर्ध्या तासापूर्वी सगळ्यांसमोर घडाघडा बोललेल्या माणसाला आता शब्द सापडेनात.

"तू खरं सांगत होतास," तो म्हणाला. "मी न वाचता सही केली. आता जे झालं ते सगळं लिहून, खाली माझी सही करून पाठवतो. कुणाला दाखवायचं ते तू ठरव. पत्ता सांग."

मग तय्यबने पत्ता सांगायला सुरुवात केली, सावकाश, एकेक शब्द, आणि भिकाजी खिशात पेन शोधू लागला.